चित्रणातून शार्कची चाल आणि शिकार कशी ओळखावी

शार्कची शिकार पडद्यावर नीट अभ्यासायची असेल, तर दक्षिण आफ्रिकेत केप टाउनजवळ असलेल्या फॉल्स बे येथील चित्रणे निवडावीत. तेथील सील आयलंड या खडकाळ बेटाभोवती ग्रेट व्हाइट शार्क केप फर सीलचा पाठलाग करताना पाण्याबाहेर झेपावत असत आणि संशोधकांनी त्यांच्या शेकडो हल्ल्यांची नोंद केलेली आहे. २०१५ नंतर हे शार्क तेथे झपाट्याने कमी झाले. शार्क मारून त्यांचे यकृत खाणारे ऑर्का (किलर व्हेल) हे त्याचे एक कारण मानले जाते. त्यामुळे चित्रण शक्यतो त्याआधीचे असावे.

चित्रण लावताच आवाज बंद करावा आणि पहिल्यांदा ते मूळ वेगातच पाहावे. पार्श्वसंगीतामुळे निवांत पोहणारा शार्कही हल्ल्याच्या तयारीत असल्यासारखा भासतो, तर संथ गतीतील झेपेमुळे क्षणार्धात संपणारी घटना उगाचच लांबलचक वाटते.

नंतर नजर शेपटीवर ठेवावी. डॉल्फिनची शेपटी वरखाली हलते, शार्कची डावीउजवीकडे. ग्रेट व्हाइटच्या शेपटीचे वरचे आणि खालचे पाते जवळजवळ सारखे असते आणि धड ताठ राहून मुख्यतः मागचा भाग हलतो. याउलट प्रवाळांत वावरणाऱ्या अनेक शार्कांच्या शेपटीचे वरचे पाते लांब असते आणि त्यांचे धड अधिक लवचीकपणे वळते. शेपटीचे हेलकावे सावकाश आणि एकसारखे असतील, तर शार्क केवळ प्रवास करत आहे असे समजावे, कारण त्याचा बहुतेक वेळ असाच जातो.

छातीजवळचे पर वल्ह्यासारखे मारले जात नाहीत, हेही लक्षात येईल. बहुतेक माशांना तरंगत ठेवणारी हवेची पिशवी शार्कला नसते. तेलाने भरलेले मोठे यकृत त्याचे वजन बरेचसे पेलते आणि उरलेली उचल, पुढे सरकत असताना, या परांमुळे मिळते. ग्रेट व्हाइटला श्वसनासाठीही सतत पुढे जावे लागते. नर्स शार्क मात्र तळाशी पडून कल्ल्यांवर पाणी ओढू शकतो, म्हणून ‘थांबला की मेला’ हे विधान सर्व शार्कांना लावू नये. (कोकणातल्या बाजारात मोरी, म्हणजे शार्क मासा, मिळाली, तर तिच्या कातडीवरून शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरवून पाहावे. जी खरखर जाणवते, ती मागे झुकलेल्या सूक्ष्म दातांसारख्या खवल्यांची असते आणि पोहताना होणारा पाण्याचा विरोध हेच खवले कमी करतात.)

येथे एक फसगत टाळावी. ग्रे रीफ शार्क पाठ कमानीसारखी वाकवून, पर खाली रोखून, नाक वर करून वळणे घेत असेल, तर तो शिकारीला निघालेला नसून समोरच्याला, बहुधा कॅमेरा धरणाऱ्यालाच, दूर राहण्याचा इशारा देत असतो. शिकार करणारा शार्क असा दिखावा करत नाही.

सील आयलंडच्या दृश्यात आधी प्रकाश पाहावा. बहुतेक हल्ले सूर्योदयाच्या आसपास होत, कारण त्या मंद उजेडात खालून वर पाहणाऱ्या शार्कला पृष्ठभागावरील सीलची काळी आकृती दिसते, पण खोल पाण्यावर काळसर पाठीचा शार्क सीलला सहजी दिसत नाही. एकटे पोहणारे, लहान वयाचे सील अधिक बळी पडत. शार्क जवळजवळ उभा वर येतो आणि त्याच वेगाने पाण्याबाहेर फेकला जातो. झेप हा हल्ल्याचा हेतू नसून परिणाम आहे.

आता संथ गती वापरावी, कारण चावा त्याशिवाय दिसत नाही. नाक वर उचलले जाते, कवटीला घट्ट न जोडलेला वरचा जबडा पुढे सरकतो आणि डोळे संरक्षणासाठी आत वळून पांढरे दिसू लागतात. अगदी जवळच्या अंतरावर नाकाभोवतीच्या लॉरेन्झिनी कुपिका भक्ष्याच्या शरीरातील क्षीण विद्युत क्षेत्र टिपतात. इटलीच्या स्टेफानो लॉरेन्झिनी यांनी या कुपिकांचे वर्णन १६७८ मध्ये केले होते.

पहिला घाव चुकला, तर नजर शार्कवरून काढून सीलवर न्यावी. चपळ सील जबड्यापासून दूर, शार्कच्या बाजूला किंवा शेपटीजवळ राहण्याचा प्रयत्न करतो, कारण एवढ्या मोठ्या देहाला तितके आखूड वळण घेता येत नाही. पाठलाग जसजसा लांबतो, तसतशी सीलची सुटण्याची शक्यता वाढत जाते, आणि अनेक चित्रणांत शार्कच शेवटी खोल पाण्याकडे वळतो.