दादागिरीच्या तक्रारीनंतर हात मिळवायला लावणे, आणि माध्यमिक शाळेतील अशाच इतर चुका

माध्यमिक वर्गातून छळाची तक्रार आली की दोन्ही मुलांना समोरासमोर उभे करून एकमेकांची माफी मागायला लावायची, हा शाळांचा सर्वांत आवडता उपाय आहे आणि माझ्या मते सर्वांत घातकही तोच आहे. मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी १९७० च्या दशकात या विषयाच्या अभ्यासाचा पाया घातला. त्यांच्या मांडणीत छळाच्या तीन खुणा येतात: दुखावण्याचा हेतू, वारंवारता आणि बळातील तफावत. भांडणात दोघेही कमीअधिक तुल्यबळ असतात, म्हणून तिथे समेट शोभतो. जिथे एक बाजू मुळातच दबलेली आहे तिथे समेट घडवणे म्हणजे तिला साक्षीदारांसमोर आणखी एकदा दबायला लावणे होय.

एका शाळेत आठवीतला एक मुलगा बोलताना अडखळत असे. हजेरीत त्याचा क्रमांक येताच मागच्या बाकांवरून ‘ह-ह-हजर’ असा आवाज येई. पर्यवेक्षकांनी त्याला आणि टोळीच्या म्होरक्याला कार्यालयात बोलावले, ‘सॉरी’ म्हणवून घेतले, हात मिळवायला लावले आणि नोंदवहीत ‘प्रकरण मिटले’ असा शेरा मारला. दुसऱ्या दिवसापासून मागच्या बाकांवरून ‘स-स-सॉरी’ ऐकू येऊ लागले. मुलगा हजेरी संपेपर्यंत जिन्यात थांबू लागला, त्याच्या नावापुढे उशिराच्या खुणा साचल्या आणि अखेर उशिरा येण्याबद्दल शिक्षा झाली ती त्यालाच. पुढे तो वर्ग माझ्याकडे आला, तेव्हा मी तोंडी हजेरी बंद करून बाकांमधून फिरत खुणा करू लागलो आणि त्या टोळीतल्या प्रत्येकाशी वेगवेगळे बोललो.

तेव्हापासूनची माझी पद्धत अशी आहे. ज्याला त्रास होतो त्याचे आधी एकट्याचे ऐकतो आणि त्याचे शब्द तारखेसह जसेच्या तसे टिपतो. त्रास देणाऱ्याला ‘का केलेस?’ असे विचारत नाही, कारण ‘गंमत केली’ हे उत्तर त्याच्या खिशात तयारच असते; ‘उद्या हजेरीच्या वेळी तू काय करणार आहेस?’ असे विचारतो. आठवड्याने पुन्हा चौकशी करतो, महिन्याने पुन्हा करतो, आणि तोपर्यंत ‘मिटले’ हा शब्द लिहीत नाही. हे काम कंटाळवाणे आहे, आणि पहिल्याच सत्रात निकाल हवा असलेल्या उत्साही नवशिक्यांना ते नेमके त्यामुळेच नको असते.

दुसरी मोठी चूक म्हणजे प्रेक्षकांना विसरणे. छळ दोघांमध्ये घडत असला तरी तो बहुधा इतरांसाठी केलेला खेळ असतो. क्रिस्टिना साल्मिव्हाली यांच्या संशोधनावर उभा असलेला फिनलंडमधील शाळांचा ‘किवा’ हा छळविरोधी कार्यक्रम याच हसणाऱ्या, बघणाऱ्या आणि गप्प बसणाऱ्या मुलांवर भर देतो. कॅनडातील शाळांच्या मैदानांवर केलेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणात असे दिसले की सोबतच्या मुलांनी मध्ये पडल्यावर निम्म्याहून अधिक वेळा छळ दहा सेकंदांच्या आत थांबला. तरीही ‘मध्ये पड’ असा सरसकट उपदेश मी करत नाही, कारण प्रत्येक मुलात तेवढे धाडस नसते. हसू नकोस, मधल्या सुट्टीत त्याच्यासोबत बस आणि मला येऊन सांग, इतकेच मागतो.

बाकीच्या चुकांना फार शब्द नकोत. भर वर्गात ‘तुला कोण त्रास देते?’ असे विचारू नये. ‘दुर्लक्ष कर’ हा सल्ला नव्हे, ती हात झटकण्याची सभ्य रीत आहे. आदर-सप्ताहाचे फलक रंगवायला हरकत नाही, पण जे शिक्षक स्वतःच एखाद्याला टोपणनावाने हाक मारून वर्गाला हसवतात, त्यांच्या वर्गात ते लावू नयेत. मोबाइलवरील छळाची तक्रार घेऊन आलेल्या मुलाचाच मोबाइल जप्त केला, तर पुढची तक्रार येणारच नाही. त्याऐवजी संदेशांचे स्क्रीनशॉट तेवढे जपून ठेवायला सांगावे.

पर्यवेक्षणाची जागा शिक्षकांच्या सोयीने ठरवणे ही चूकही जुनीच आहे. शाळेचा कोरा नकाशा मुलांना द्यावा आणि जिथे भीती वाटते तिथे नाव न लिहिता फुली मारायला सांगावे. फुल्या बहुधा स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या वाटेवर, जिन्याच्या वळणावर आणि खेळाच्या तासाला कपडे बदलण्याच्या खोलीपाशी पडतात. मधल्या सुट्टीत तिथे एक मोठे माणूस उभे असावे. मोबाइलमध्ये डोके घालून उभे असलेले माणूस मी या हिशेबात धरत नाही.