चिंता आणि नैराश्य एकत्र येतात तेव्हा

८.१२ची लोकल पकडायची या विचारानेच छातीत धडधडू लागते आणि त्याच वेळी उठून डबा भरण्याचीही ताकद उरलेली नसते. चिंता आणि नैराश्य एकत्र असले की माणूस असा दोन्हीकडून ओढला जातो. याला आळस म्हणणे अन्यायाचे आहे. चिंतेमुळे आपण गोष्टी टाळतो, टाळल्यामुळे आनंदाचे प्रसंग कमी होऊन मन खचते आणि राहिलेल्या कामांची नवी चिंता मागे लागते.

हे चक्र टाळाटाळीपाशीच तोडावे. मन लागण्याची वाट न पाहता ठरल्या वेळी एक लहान काम करावे. आंघोळ करून कोपऱ्यावरून दूध आणणे, एवढेही पुरते.

त्रास २ आठवड्यांहून अधिक टिकल्यास मुंबईतील केईएम, नायर किंवा शीव रुग्णालयाच्या मनोविकार विभागात दाखवावे आणि दोन्ही त्रास सांगावेत, कारण पुष्कळदा धडधड तेवढी सांगितली जाते व उदासी मनातच राहते. नैराश्यावरची अनेक औषधे चिंतेवरही चालतात. गुण यायला काही आठवडे लागतात, म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नयेत. जीव नकोसा वाटल्यास त्याच क्षणी जवळच्या माणसाला सांगावे आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर फोन करावा. तिथे दिवसरात्र मदत मिळते.