नावाजलेल्या कलावंतांच्या घरात मूल वाढवताना

चित्रपट, रंगभूमी किंवा संगीत या क्षेत्रांत नाव कमावलेल्या घरातील मूल दुःखी आहे असे म्हटले, की ऐकणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हाताशी सगळे असताना याला कसले दुःख? बाहेरच्यांनी हा प्रश्न विचारला तर एक वेळ समजता येते. पण पुष्कळदा तो घरातलेच विचारतात, आणि "तुला काय कमी आहे?" एवढ्या चार शब्दांनी मुलाचे तोंड बंद होते. म्हणून अशा घरातील आईवडिलांनी, आजीआजोबांनी किंवा मुलाची जबाबदारी घेतलेल्या कोणीही सर्वांत आधी हे मनाशी पक्के करावे, की सुबत्ता खरी आहे आणि त्रासही खरा आहे. एकामुळे दुसरे खोटे ठरत नाही. मुलाने तक्रार केली तर सोयींचा पाढा वाचू नये. ती नेमकी कशाबद्दल आहे ते विचारावे, कारण बहुतेक वेळा ती वस्तूंबद्दल नसतेच, माणसांबद्दल असते.

अशा घरातील सर्वांत मोठी उणीव म्हणजे मुलाला "नाही" म्हणू शकेल असे माणूस नसणे, असे मला ठामपणे वाटते. चालक, स्वयंपाकी, आया, सेक्रेटरी, अंगरक्षक, मॅनेजर यांची दिवसभर वर्दळ असते, पण त्यांतील प्रत्येकाची रोजीरोटी ज्यांच्या मर्जीवर चालते त्यांचेच हे मूल असते. दहा वर्षांचा मुलगा मागच्या सीटवरून "आज शाळेत जायचे नाही" म्हणतो, चालक आरशातून एकदा त्याच्याकडे पाहतो आणि गाडी वळवतो. सेक्रेटरी शाळेला फोन करून ताप आल्याचे कळवते. चित्रीकरणासाठी परगावी असलेल्या आईवडिलांना याचा पत्ताही लागत नाही. यात चालकाचा दोष नाही, कारण मालकाच्या मुलाला अडवण्याचा अधिकार त्याला कोणी दिलेलाच नसतो. तो अधिकार द्यावा, आणि मुलाच्या देखत द्यावा: शाळेच्या वेळी गाडी शाळेतच जाईल, बदल करायचा असेल तर आई किंवा बाबा स्वतः फोन करतील, आणि मूल रागावले म्हणून कोणाचीही नोकरी जाणार नाही. शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि ते पाळणे सर्वांत अवघड.

याशिवाय घराच्या व्यवसायाशी पैशाचा काडीचाही संबंध नसलेली एक-दोन मोठी माणसे मुलाच्या आयुष्यात मुद्दाम ठेवावीत. ती मावशी असेल, आत्या असेल, जुने शिक्षक असतील. मुलाने त्यांच्याकडे नियमित जावे आणि त्यांच्या घरचे नियम पाळावेत. आईवडिलांनी ते नियम फोनवरून शिथिल करून घेऊ नयेत. आयांच्या बाबतीतही काळजी हवी. ज्या बाईने मुलाला पाच-सहा वर्षे भरवले, झोपवले, तिला एका रात्रीत कामावरून काढून टाकणे हा त्या मुलाच्या दृष्टीने वियोगच असतो. तिला जायचेच असेल तर मुलाला आधी सांगावे, नीट निरोप घेऊ द्यावा आणि पुढेही भेटी होऊ द्याव्यात.

दुसरी गोष्ट बातमीची. घरात काय घडले हे मुलाला घरातूनच आणि बातमी फुटण्याआधी कळले पाहिजे. अभिनेत्री कॅरी फिशर यांचा जन्म 1956चा. त्यांचे वडील, गायक एडी फिशर, यांनी कॅरी यांच्या आईला, अभिनेत्री डेबी रेनॉल्ड्स यांना, सोडून 1959मध्ये अभिनेत्री एलिझाबेथ टेलर यांच्याशी लग्न केले, तेव्हा मुलगी तीन वर्षांचीही नव्हती आणि आईवडिलांच्या संसाराची चर्चा जगभरच्या मासिकांत चालू होती. इतक्या लहान वयात मूल बातमी वाचत नाही हे खरे, पण पुढे शाळेत, दुकानात, पाहुण्यांच्या नजरेत ती त्याला भेटतच राहते. म्हणून घटस्फोट, आजार, अटक, नवे नाते यांपैकी काहीही असो, आईवडिलांपैकी एकाने मुलाजवळ बसून सोप्या शब्दांत सांगावे: काय झाले आहे, तुझ्या रोजच्या दिनक्रमात काय बदलणार नाही, आणि लोक विचारतील तेव्हा तू काय म्हणू शकतोस. "मला त्याबद्दल बोलायचे नाही" हे उत्तर घरी मोठ्याने म्हणून घ्यावे, म्हणजे वर्गात ते सहज तोंडी येते. हे काम मॅनेजरवर किंवा प्रसिद्धी सांभाळणाऱ्यांवर कधीही सोपवू नये. मूल बारा-तेरा वर्षांचे झाले, की एक दिवस ते इंटरनेटवर आईवडिलांचे नाव शोधणारच आहे. ते एकट्याने वाचेल त्याआधी त्याच्यासोबत बसून जुन्या बातम्या वाचाव्यात, आणि ज्या खऱ्या आहेत त्या खऱ्या आहेत असे मान्य करावे.

व्यसनाबद्दल तर मौन अजिबात परवडणारे नाही. हॉलिवूडच्या अभिनेत्री ड्रू बॅरिमोर या अभिनयाच्या पिढीजात घराण्यातील; 1982मध्ये सातव्या वर्षी त्या जगप्रसिद्ध झाल्या, लहान वयातच आईबरोबर रात्रीच्या क्लबांमध्ये जाऊ लागल्या आणि तेराव्या वर्षी व्यसनमुक्तीच्या उपचारांत होत्या. त्यांत त्या मुलीची लाज वाटण्यासारखे काहीही नाही. लाज मोठ्यांनी बाळगायची. हॉलिवूडचे कलावंत टोनी कर्टिस आणि जॅनेट ली यांची कन्या, अभिनेत्री जेमी ली कर्टिस, यांनी वेदनाशामक गोळ्यांचे स्वतःचे व्यसन आणि वडिलांचे व्यसन या दोन्हींबद्दल उघडपणे सांगितले आहे. 1999पासून त्या व्यसनमुक्त आहेत. हा धोका काही अंशी वारशाने येतो, म्हणून घरात कोणाला व्यसन होते हे मुलाला दहा-अकराव्या वर्षी सरळ सांगावे. औषधे कुलपात ठेवावीत, मेजवान्यांच्या रात्री मूल दुसऱ्या घरी झोपेल अशी सोय करावी. मूल व्यसनात सापडलेच, तर प्रकरण दाबण्यात वेळ घालवू नये. संजय दत्त यांच्या पहिल्या मोठ्या चित्रपटाच्या प्रदर्शनाला अवघे काही दिवस उरले असताना, 3 मे 1981 रोजी आई नर्गिस यांचे निधन झाले. पुढे मुलाला उपचारांसाठी अमेरिकेत नेण्याचा निर्णय सुनील दत्त यांनी घेतला. नावाला बट्टा लागेल या भीतीपेक्षा मूल वाचणे मोठे मानावे, एवढेच इथे सांगायचे आहे.

मूल स्वतः काम करत असेल तर त्याचे पैसे पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवावेत. बालकलाकार जॅकी कूगन यांनी लाखो डॉलर मिळवले आणि सज्ञान झाल्यावर त्यांतले फारसे काही उरलेले नाही असे कळल्याने 1938मध्ये आई व सावत्र वडिलांवर दावा लावला. त्यातूनच 1939मध्ये कॅलिफोर्नियात कायदा झाला. आज तिथे कमाईचे 15 टक्के राखून ठेवावे लागतात. भारतातील 2017च्या नियमांनुसार किमान 20 टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत जाते. ही कायद्याची किमान अट आहे. ज्या घराला त्या पैशाची गरजच नाही, तिथे सगळीच रक्कम मुलाची समजावी.

छायाचित्रांबाबत एकच सांगणे पुरे. अनुष्का शर्मा आणि विराट कोहली यांनी 2021मध्ये मुलीचे फोटो न काढण्याची विनंती छायाचित्रकारांना केली होती. अशी विनंती जरूर करावी, पण मग स्वतःही मुलाचे चेहरे चाहत्यांपुढे मांडू नयेत.

मुलाला याच क्षेत्रात यायचे असेल तर त्याला आधी कॅमेऱ्यामागे, पगारी साहाय्यक म्हणून, ओळखीच्या नसलेल्या युनिटमध्ये काम करू द्यावे आणि चुकल्यावर बोलणी खाऊ द्यावीत, यायचे नसेल तर "मग घराण्याचे काय?" हा विषय काढू नये. आणि मोठेपणी त्याने आपल्या बालपणाबद्दल जाहीरपणे बोलायचे ठरवले, तर वकिलाची नोटीस पाठवू नये. भावंडांच्या खासगी गोष्टी वगळाव्यात एवढी विनंती करावी, आणि स्वतःबद्दलचे जे असेल ते छापून येण्याआधी त्याच्याच तोंडून ऐकून घ्यावे.