थंडीत उतरणारा बासरीचा स्वर : माझा अनुभव

जळगावच्या आमच्या शाळेच्या बँडमध्ये मी बासरी वाजवतो. २६ जानेवारीच्या सकाळी, खानदेशातील बोचऱ्या थंडीत, बासऱ्यांचा स्वर पेटीपेक्षा उतरलेला लागत असे. नळीतील हवा गार असली की ध्वनीचा वेग घटतो आणि स्वर खाली येतो. बांबूची नळी लांब-आखूड करता येत नाही, म्हणून वादनापूर्वी सहाही छिद्रे बोटांच्या मांसल भागाने घट्ट झाकून, आवाज न काढता, तोंडाची ऊबदार हवा मी नळीत हळूहळू सोडू लागलो आणि रांगेत उभे असताना बासरी स्वेटरच्या आत धरू लागलो. तरीही उरलेला थोडासा फरक फुंकण्याचे छिद्र ओठांपासून किंचित बाहेर वळवल्याने भरून निघाला. जोराने फुंकून स्वर चढवणे मात्र टाळावेच, कारण त्याने मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला ‘प’) फाटतो आणि एकदम वरच्या सप्तकात जातो.