ओपन ऑनडिमांडवर ज्युपिटर बसवताना

"क्लस्टरवर ज्युपिटर चालू करून द्या" अशी मागणी आली की सगळे आधी ज्युपिटर (ब्राउझरमधून पायथन कोड चालवायची नोटबुक) इन्स्टॉल करायला धावतात. त्यात अवघड असं काही नाही. डोकं खातो तो ब्राउझरपासून कॉम्प्युट नोडपर्यंतचा (क्लस्टरमधल्या प्रत्यक्ष काम करणाऱ्या मशीनपर्यंतचा) रस्ता, कारण नोड बाहेरून थेट दिसतच नाही. ओपन ऑनडिमांड हे क्लस्टरचं वेब पोर्टल मध्यस्थी करतं: स्लर्म या जॉब-शेड्युलरकडे जॉब टाकतं आणि जॉब सुरू झाला की तुमचं पान नोडवरच्या ज्युपिटरकडे वळवतं. म्हणून मी आधी प्रॉक्सी (हे वळवण्याचं काम करणारा भाग) लावते, युजरने भरायचा फॉर्म सगळ्यात शेवटी.

पोर्टलच्या वायएमएल कॉन्फिग फाइलीत नोडच्या नावांशी जुळणारा रेजेक्स (नावांचा नमुना) आणि दोन पत्ते द्यायचे: 'नोड' आणि 'आरनोड'. रेजेक्स घट्ट लिहा. 'काहीही चालेल' असा ठेवलात, तर वेबसर्व्हर जिथवर पोहोचतो त्या प्रत्येक मशीनपर्यंत युजर पोहोचेल. मग पोर्टलची कॉन्फिग नव्याने तयार करून अपाची वेबसर्व्हर रीस्टार्ट करा.

आता ज्युपिटरला हात न लावता रस्ता तपासा. एका नोडवर रिकाम्या फोल्डरात पायथनचा साधा एचटीटीपी सर्व्हर सुरू करा आणि ब्राउझरमध्ये 'आरनोड', नोडचं नाव, पोर्ट असा पत्ता टाका. फोल्डरची यादी दिसली की जिंकलात. नाही दिसली तर नोडवरचा फायरवॉल बघा. बहुतेकदा तोच वेबसर्व्हरला दारात अडवतो. काम झालं की सर्व्हर लगेच बंद करा.

'आरनोड' पत्त्याचा पुढचा भाग कापून उरलेला पाठवतो, 'नोड' पत्ता जसाच्या तसा पाठवतो. ज्युपिटरला 'नोड' लागतो. त्याच्या बेस यूआरएलमध्ये '/नोड/होस्ट/पोर्ट/' हेच बसलं पाहिजे, आणि होस्ट व पोर्ट जॉब सुरू होईपर्यंत कळत नाहीत. त्यामुळे ज्युपिटरची कॉन्फिग आधी लिहून ठेवता येत नाही. ती जॉबच्या सुरुवातीला चालणारी 'बिफोर' स्क्रिप्ट नोडवरच बनवते. पोर्ट आणि पासवर्डही तिथेच ठरतात. पासवर्ड काढून टाकायचा मोह आवरा: ज्युपिटर नोडच्या सगळ्या इंटरफेसवर ऐकत असतो, म्हणजे त्याच नोडवरचा दुसरा युजरही तुमच्या दारावर टकटक करू शकतो.

जुनी उदाहरणं उतरवताना एक बघा. 2023 मध्ये आलेल्या नोटबुक 7 पासून सर्व्हरच्या सेटिंग्ज 'नोटबुकअॅप'च्या नव्हे, 'सर्व्हरअॅप'च्या नावाने लिहायच्या असतात.

पुढची तक्रार ठरलेली: "पोर्टलवरचं सेशनचं कार्ड 'स्टार्टिंग'वर अडकतं आणि सेशन आपोआप संपतं." नेहमीच्या नमुना अॅपची 'आफ्टर' स्क्रिप्ट पोर्ट उघडायची 60 सेकंद वाट बघते, नाही उघडला तर गाशा गुंडाळते. दोष बहुधा कोंडाचा, म्हणजे पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या साधनाचा. एका एन्व्हायर्नमेंटमध्ये हजारो बारीक फाइली, आणि क्लस्टरवरची लस्टरसारखी फाइलसिस्टिम मोठ्या फाइलींसाठी बांधलेली. एवढ्या फाइली उघडताना फाइलींची नोंद ठेवणाऱ्या मेटाडेटा सर्व्हरच्या नाकी नऊ येतात. मर्यादा वाढवली की तात्पुरतं भागतं. मी सगळं अॅपटेनर या कंटेनर-साधनाच्या एका इमेजमध्ये घालते, म्हणजे फाइलसिस्टिमला एकच फाइल दिसते.

फॉर्म छोटा ठेवा: तास, कोर, मेमरी, पार्टिशन (नोडचा गट). जीपीयू हवा तर एक चौकट. तासांचा डिफॉल्ट कमी ठेवा, नाहीतर लोक लॅपटॉप मिटून निघून जातात आणि नोड रात्रभर अडून राहतो. मेमरी मात्र दिसेल अशी ठेवा. ती कमी पडली की कर्नल (कोड चालवणारी प्रक्रिया) मरतो, ज्युपिटर नुसतं "कर्नल रीस्टार्ट झाला" म्हणतं आणि युजर आपल्या कोडला शिव्या घालतो. स्लर्मच्या हिशेबात बघितलं की 'आउट ऑफ मेमरी' सापडतं.

कोरचंही तसंच. युजरने चार मागितले तरी पायथनला विचारलं तर तो बरेचदा अख्ख्या नोडचे कोर मोजून सांगतो. म्हणून ओपनएमपीच्या (काम अनेक कोरवर वाटणाऱ्या प्रणालीच्या) थ्रेडची संख्या स्क्रिप्टमध्येच जॉबच्या कोरइतकी बांधून टाका.

हे सगळं आधी आपल्या होममधल्या डेव्ह फोल्डरात करून बघा, तिथली मोडतोड बाकीच्यांना दिसत नाही. काही अडलं तर सेशनच्या फोल्डरातली आउटपुट लॉग उघडा. वेबसर्व्हरच्या लॉगकडे त्यानंतर वळा.