कुर्डुवाडीसारख्या रेल्वेच्या गावाचा इतिहास गोळा कसा करायचा

आपल्याकडं गावाचा इतिहास लिहायचा म्हटलं की माणूस आधी देवळाकडं नाहीतर गढीकडं जातो. सोलापूर जिल्ह्यातल्या कुर्डुवाडीत तसं केलंत तर हाती फार काही लागणार नाही, कारण हे गाव आज जसं आहे तसं वाढलं ते रूळ आले म्हणून. इथला इतिहास रिटायर माणसांच्या पत्र्याच्या ट्रंकेत आहे, क्वार्टरच्या मागच्या बाजूला आहे, कुंपणाला खांब म्हणून पुरलेल्या जुन्या रुळात आहे. छोटी लाइन, म्हणजे अरुंद रुळांची नॅरोगेज, गेली, आणि वाफेच्या इंजिनावर कोळसा मारलेली माणसं आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. म्हणून म्हणतो, हे काम करायचं असेल तर या दिवाळीच्या सुट्टीतच सुरू करा, पुढच्या वर्षावर टाकू नका.

लोकांकडं जायच्या आधी थोडा अभ्यास हवाच, नाहीतर समोरचा बोलत राहतो आणि आपल्याला पुढचा प्रश्न सुचत नाही. कुर्डुवाडीपुरतं एवढं डोक्यात ठेवा. जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची मुंबई-पुण्याकडून येणारी मोठी लाइन (ब्रॉडगेज) 1859 मध्ये इथवर आली आणि पुढच्याच वर्षी सोलापूरला पोचली, पण बार्शीची मोठी बाजारपेठ बाजूलाच राहिली, कापूस-धान्य बैलगाडीनं स्टेशनपर्यंत आणावं लागायचं. ही अडचण एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं हेरली, तो आधी जीआयपीतच नोकरीला होता, त्यानं बार्शी लाइट रेल्वे कंपनी काढली आणि 1897 मध्ये अडीच फूट रुंदीची लाइन बार्शीपर्यंत सुरू झाली. मग 1906 ला पंढरपूर, 1911 ला लातूर, 1927 ला मिरज. 1954 मध्ये सरकारनं कंपनी ताब्यात घेतली. 2001 नंतर टप्प्याटप्प्यानं सगळी लाइन ब्रॉडगेज झाली, आणि लातूरकडं जाताना रूळ वळवून उस्मानाबाद म्हणजे आताचं धाराशिव गाठलं, जे जुन्या लाइनवर नव्हतं.

कॅलथ्रॉपची खरी हुशारी कशात होती तेही समजून घ्या, कारण जुने फिटर लोक त्यावरच बोलतात. त्यानं इंजिन असो की डबा, कुठल्याच आसावर पाच टनाच्या वर वजन येणार नाही असा हिशोब बसवला. त्यामुळं दर यार्डाला (तीन फुटाला) 30 पौंडाचा म्हणजे मीटरला साधारण 15 किलोचा बारीक रूळ चालून गेला. आज मेन लाइनला मीटरला 60 किलोचा रूळ असतो, त्यावरून अंदाज घ्या.

शोधताना एक अडचण हमखास येते. जुन्या कागदात कुर्डुवाडी सापडतच नाही, कारण स्टेशनचं नाव बरीच वर्षं बार्शी रोड होतं. 1884 चं सोलापूर जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, नेटवर फुकट मिळतं, त्यात बार्शी रोड टाकून शोधा, आणि सोलापूरचं स्पेलिंगही तेव्हाचं, शोलापूर असं वाचलं जाणारं, टाकून बघा. अजून खोलात जायचं असेल तर मुंबईला पुराभिलेखागारात जुन्या पब्लिक वर्क्स खात्याची रेल्वेची दफ्तरं आहेत, पण ते काम निवांत वेळ असलेल्यानं करावं. पहिल्या फटक्यात तिकडं जाऊ नका, माणसं आधी. दफ्तरं कुठं पळून जात नाहीत.

आता माणसं. सुरुवात ड्रायव्हर-गार्डपासून करायचा मोह होतो, पण गँगमन (रुळांची देखभाल करणारे), पॉइंटमन (सांधे बदलणारे), केबिनमन (सिग्नलच्या केबिनमधले), खलाशी (हाताखालचे कामगार), वर्कशॉपमधले फिटर आणि कॉल बॉय यांच्याकडं आधी जा. कॉल बॉय म्हणजे रात्री-अपरात्री क्वार्टरवर येऊन ड्रायव्हर-फायरमनला ड्युटीसाठी उठवणारा पोऱ्या, त्याला सगळ्या कॉलनीची घरं पाठ असायची. आणि घरातल्या बायकांना विसरू नका, हे सगळ्यात महत्त्वाचं. काका सांगणार नोकरीचं, पण पाणी किती वाजता यायचं, शेजारी कुठल्या मुलखातले होते, कुणाकडून कुठला पदार्थ शिकल्या, नवरा लाइनवर असताना पोराला ताप आला तर कुणाचं दार वाजवायचं, हे काकूंनाच माहिती. रेल्वेच्या कॉलनीत बदलीनं कुठून कुठून माणसं यायची, त्यामुळं गावाची भाषा आणि स्वयंपाक कसा बदलला ते या गप्पांतूनच कळतं.

"तुमच्या आठवणी सांगा" असं कधीच विचारू नका, समोरचा माणूस गांगरतो नाहीतर भाषण सुरू करतो. बारीक आणि ठोस विचारा. पहिली नेमणूक कुठं? पहिला पगार हातात कसा मिळाला? इंजिनला पाणी कुठं भरायचं? लाइन बॉक्समध्ये, म्हणजे ड्युटीवर न्यायच्या पेटीत, काय काय असायचं? रनिंग रूममध्ये, म्हणजे ड्रायव्हर-गार्डच्या विश्रांतीच्या खोलीत, स्वयंपाक कोण करायचं? आषाढी-कार्तिकीला पंढरपूरच्या जादा गाड्या कशा सोडायच्या, मालडब्यात माणसं बसवायचे का, तिकीट तपासायला जागा तरी असायची का? वारीचा प्रश्न या लाइनवर विचारलाच पाहिजे, तिथं माणसं जी खुलतात ती मग थांबत नाहीत.

एक कोरा मोठा कागद आणि पेन्सिल बरोबर न्या, लोको शेड, कोळशाचा ढीग, पाण्याचा स्तंभ, केबिन कुठं होती ते त्यांनाच काढायला लावा, चित्र वाकडंतिकडं आलं तरी चालेल. आणि हाताचं काम हातानं करून दाखवायला सांगा. एकेरी लाइनवर गोळा, म्हणजे पुढं जायच्या परवानगीची खूण असलेला धातूचा गोळा, घेतल्याशिवाय ड्रायव्हरला पुढच्या सेक्शनात, म्हणजे पुढच्या स्टेशनपर्यंतच्या टप्प्यात, जाता यायचं नाही, आणि गाडी थांबणार नसेल तर तो गोळा वेताच्या मोठ्या कडीत अडकवून चालत्या गाडीतच द्यायचा-घ्यायचा असायचा. हे तोंडी ऐकलं तर दोन वाक्यांत संपतं. पण कॅमेरा सुरू करून "करून दाखवा ना काका" म्हटलं की माणूस उठून उभा राहतो, डावा हात दांडीला धरल्यासारखा मुठीत, उजवा हात कोपरात किंचित वाकवून बाहेर, आणि कडी दंडावर सरकू द्यायची, मनगटावर झटका घ्यायचा नाही, हे सगळं शरीरच सांगतं. असा व्हिडिओ लाखमोलाचा असतो, हातांवर फोकस ठेवा.

रेकॉर्डिंगला फोन पुरतो. फोन फ्लाइट मोडवर टाका, पंखा आणि टीव्ही बंद करायची विनंती करा, फोन टॉवेलच्या घडीवर ठेवा म्हणजे टेबलाचा आवाज येत नाही. सुरुवातीलाच तारीख, गाव आणि त्यांची परवानगी रेकॉर्डमध्ये घ्या. एका बैठकीला तास-दीड तास, जास्त नको, वयस्कर माणसं दमतात पण सांगत नाहीत.

तारखांचा घोळ होणारच. त्यासाठी साल विचारायचं नाही, टेकू द्यायचा. हे कंपनीच्या वेळचं की सरकारनं घेतल्यावरचं? 72 च्या दुष्काळाच्या आधी की नंतर? मे 1974 च्या रेल्वे संपात तुम्ही कामावर होता की बाहेर? किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा, म्हणजे 1993 ला, कुठं ड्युटी होती? एवढ्यावर बहुतेक गोष्टी जागेवर बसतात. संपाचं विचारताना मात्र जपून, त्यात नोकऱ्या गेल्या, शेजाऱ्या-शेजाऱ्यांत अबोला झाला, कुणाला नसेल बोलायचं तर विषय तिथंच सोडा.

ट्रंकेतले कागद मूळ उचलून घरी आणू नका, त्यांच्याच घरात खिडकीजवळच्या उजेडात फ्लॅश न मारता फोटो काढा, दोन्ही बाजूंचे, मागं पेन्सिलीनं लिहिलेलं बऱ्याचदा जास्त कामाचं असतं. पास, पगाराच्या स्लिपा, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, युनियनची पावती, रेल्वे इन्स्टिट्यूटच्या (कर्मचाऱ्यांच्या क्लबच्या) नाटकाचं हँडबिल, जुनं टाइमटेबल, काहीही फालतू समजू नका. नेटवर टाकताना पीएफ नंबर, बँकेचा तपशील झाका.

मग गावात फिरा, शक्यतो एखाद्या जुन्या गँगमनला बरोबर घेऊन. जुना रूळ खांब म्हणून पुरलेला दिसला की त्याच्या उभ्या भागावर बघा, उठावाची अक्षरं असतात: कारखाना, साल, वजन. मऊ ब्रशनं धूळ झाडा, वायर ब्रश लावू नका, पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल आडवी घासा, अक्षरं उमटतात, नाहीतर तिन्हीसांजेला टॉर्च बाजूनं मारून फोटो काढा. पण ते साल रूळ कारखान्यात बनल्याचं, इथं टाकल्याचं नाही. रूळ मेन लाइनवरून साइडिंगला (बाजूच्या लाइनला) आणि तिथून कुंपणाला असे फिरत असतात, त्यामुळं एका खांबावरून लाइनचं वय ठरवू नका. हे सगळं रेल्वेच्या हद्दीच्या बाहेरून करा. चालू रुळांवर फिरणं गुन्हा आहे, रेल्वे कायद्याचं कलम 147, शिवाय जिवाला धोका. स्टेशनच्या आत फोटो काढायचे तर स्टेशन मास्तरना आधी विचारा, वर्कशॉपसाठी लेखी अर्ज लागतो आणि वेळ जातो, तो पहिल्याच आठवड्यात देऊन ठेवा.

घरी आलं की त्याच रात्री फाइलला नाव द्या: तारीख, माणसाचं काम, गाव. राहिलं की राहिलंच. कॉपी तीन ठेवा, एक तुमच्याकडं, एक पेन ड्राइव्हवर त्या घरच्यांना, एक गावातल्या वाचनालयात किंवा शाळेत. बोलणं लिहून काढताना त्यांची बोली सुधारू नका, "टेशन" म्हणाले असतील तर टेशनच लिहा. आणि लिहून झालेला मजकूर छापायच्या आधी त्यांना वाचून दाखवा, बरेचदा तेव्हाच ते म्हणतात, अरे थांब, हे राहिलं की सांगायचं, म्हणून रेकॉर्डर तेव्हाही चालू असू द्या.