सॉफ्टवेअर टेस्टिंगवर संशोधन करताय? या चुका टाळा

ऐरोली-महापेच्या कंपन्यांत दिवसभर टेस्टिंगचं काम करून शनिवारी ठाण्यात माझ्याकडे थीसिस घेऊन येणारे बहुतेक जण एकाच जागी अडकतात. टूल तयार असतं, तक्तेही भरलेले असतात. पण या आकड्यांवरून नेमकं काय सिद्ध झालं, असं विचारलं की उत्तर येत नाही.

पहिली चूक कव्हरेजची. कव्हरेज फक्त कोणत्या ओळी चालल्या ते सांगतं. एकही असर्शन (उत्तर बरोबर आहे का ते तपासणारी ओळ) नसलेली टेस्ट १०० टक्के कव्हरेज देऊ शकते आणि प्रोग्राम क्रॅश झाला नाही तर एकही बग पकडत नाही. म्हणून सोबत म्युटेशन स्कोअर द्या, म्हणजे मुद्दाम घातलेल्या चुकांपैकी किती टेस्टने पकडल्या ते: कोडमध्ये '<' च्या जागी '<=' करा आणि टेस्ट फेल होते का बघा. डीमिलो, लिप्टन आणि सेवर्ड यांनी १९७८ मध्ये मांडलेली ही कल्पना आजही कामाची आहे. काही म्युटंट (असे बदल केलेले प्रोग्राम) मूळ प्रोग्रामसारखेच वागतात, ते हाताने तपासावे लागतात. त्याला वेळ राखून ठेवा.

दुसरी चूक मला सगळ्यात जास्त सलते. फझर (प्रोग्रामला आपोआप वेडेवाकडे इनपुट देऊन क्रॅश शोधणारं टूल) एकदा रात्रभर चालवायचा, जुन्या टूलपेक्षा दोन क्रॅश जास्त मिळाले की 'आमची पद्धत सरस' असं लिहून मोकळं व्हायचं. फझर यादृच्छिक असतो, सीड (यादृच्छिक निवडीची सुरुवात ठरवणारा आकडा) बदलला की निकाल बदलतो. फझिंगवरचे ३२ शोधनिबंध तपासणाऱ्या २०१८ च्या एका अभ्यासात प्रत्येकाच्या प्रयोगात काही ना काही खोट निघाली. माझ्या एका विद्यार्थिनीची चार महिन्यांची मेहनत याच कारणाने परत आली. धावा किती केल्या, म्हणजे फझर किती वेळा चालवला, हे मी आधीच विचारायला हवं होतं. ती खंत अजून आहे.

आता हिशेब आधी मांडतो. ३० धावा, प्रत्येकी २४ तास, म्हणजे एका टूलला एका प्रोग्रामवर ७२० तास. तुलनेचं टूल धरून १४४०. लॅबमध्ये मशिन कमी असतील तर प्रोग्राम कमी घ्या, धावा कमी करू नका. नुसती सरासरी देऊ नका, दोन टूलमधला फरक निव्वळ योगायोग आहे का ते बघणारी मान-व्हिटनी ही सांख्यिकी चाचणी करा, आणि प्रत्येक धावेचा सीड व लॉग जपून ठेवा.

तिसरी अडचण: बरोबर उत्तरच माहीत नसेल तर टेस्ट कशी करायची? इथे मेटामॉर्फिक टेस्टिंग उपयोगी पडतं, म्हणजे इनपुट बदलल्यावर उत्तरांमधलं नातं टिकतं का ते तपासणं. समजा, लोकलच्या नकाशावर सर्वांत कमी अंतर काढणारा प्रोग्राम आहे. ठाणे ते नेरुळ आणि नेरुळ ते ठाणे सारखंच यायला हवं. पण एवढ्यावर थांबलात तर फसाल, कारण नेहमी शून्य सांगणारा प्रोग्रामही यात पास होतो. नकाशात ठाण्यापासून ५ किलोमीटरवर एक काल्पनिक स्टेशन जोडा, ज्याला फक्त ठाण्यातूनच वाट आहे. तिथून नेरुळचं अंतर बरोबर पाचने वाढलं पाहिजे. शून्यवाला इथे सापडतो.